एकशे साठ चौरस फूट

माझ्या आईच्या कमरेला दोन किल्ल्या असतात. एक नव्या घराची, आणि दुसरी एका जुन्या पितळी कुलपाची. कुलूप तिने ट्रंकेत जपून ठेवले आहे; पण ज्या दाराला ते लागत असे ते दार आता नाही, दार ज्या भिंतीत होते ती भिंत नाही, आणि भिंत ज्या चाळीत होती ती चाळही नाही. वरळीच्या बी. डी. डी. चाळींपैकी एकीत, १९७६ साली, पाटण तालुक्यातल्या एका वाडीतून ती लग्न होऊन आली, आणि तिथल्या एका खोलीत तिने पंचेचाळीस वर्षे काढली. "आता त्या किल्लीचं काय काम?" असे मी एकदा विचारले, तर म्हणाली, "राहू दे. तुला जड व्हतीया का?"

यावर काय बोलणार? मी मराठीची प्राध्यापिका. एरवी वर्गात तास-तास बोलते. पण आईपुढे माझे काही चालत नाही.

चाळ म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम येते ती पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ'. ते पुस्तक १९५८ साली आले आणि तेव्हापासून चाळ म्हणजे लाकडी कठडा, कठड्यावर वाळणारी धोतरे, समोर अंगण आणि एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत फेकलेले टोमणे, असे चित्र पक्के बसले. गिरगाव-दादरच्या पुष्कळ चाळींना ते लागूही पडते. आमच्या चाळीला मात्र कठडाच नव्हता. गॅलरीही नव्हती. मजल्याच्या मधोमध एक लांबच लांब बोळ, त्याच्या एका अंगाला दहा खोल्या आणि दुसऱ्या अंगाला दहा. आगगाडीच्या डब्यात असावे तसे. बोळात उजेड येई तो टोकांकडून, आणि कोणी दार उघडे ठेवले तर त्या दारातून. दिवसा बारा वाजता नवखा माणूस जिना चढून आला तर क्षणभर चाचपडत असे. चाळीतला माणूस काळोखात चपलेच्या आवाजावरून ओळखावा लागे, आणि तो आम्ही बिनचूक ओळखत असू.

हा बोळ पाहूनच बहुधा लोकांनी एक दंतकथा रचली. 'बी. डी. डी. चाळी मुळात तुरुंग म्हणून बांधल्या,' असे मी लहानपणापासून ऐकत आले. टॅक्सीवाल्यांपासून चांगल्या शिकलेल्या माणसांपर्यंत सर्वांच्या तोंडी हेच. ही गोष्ट खरी नाही, आणि गंमत अशी की ती सर्वस्वी खोटीही नाही. चाळी बांधल्या त्या कामगारांकरिताच. परंतु १९३० सालची कायदेभंगाची चळवळ पेटली, नेहमीचे तुरुंग सत्याग्रह्यांनी भरून गेले, तेव्हा सरकारने वरळीच्या काही चाळींभोवती बंदोबस्त करून त्यांचाच तात्पुरता तुरुंग केला. तो करता आला, कारण चाळी रिकाम्या पडल्या होत्या. कामगारांसाठी बांधलेली घरे पाच-सहा वर्षांनंतरही रिकामी का राहावीत, हाच खरा प्रश्न आहे.

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली, आणि गिरणगावातल्या कोंदट खोल्यांकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने बांधलेल्या त्या बी. आय. टी. चाळी. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उमेदीची कितीतरी वर्षे काढली. पुढे पहिले महायुद्ध झाले. गिरण्यांनी अमाप पैसा मिळवला, गावाकडून माणसांचे लोंढे आले, भाडी भडकली. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी एक नवे खाते काढले: बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. आमच्या पत्त्यातली ती तीन अक्षरे याच खात्याची. बॅकबेचा समुद्र हटवून जमीन करायची, हे त्याचे एक काम, आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, हे दुसरे. समुद्राच्या कामात पैशाचा जो चुराडा झाला, त्याविरुद्ध के. एफ. नरिमन यांनी रान उठवले. आज नरिमन पॉइंट म्हणून जो भाग ओळखला जातो त्याला त्यांचेच नाव आहे. खोल्यांच्या कामाकरिता मुंबईत येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया कर बसवला होता. म्हणजे ज्या कापसात कामगार दिवसभर घुसमटायचा, त्याच कापसावरच्या करातून त्याचे घर उभे राहायचे.

पन्नास हजारांचा संकल्प सोळा हजारांच्या आसपास येऊन थांबला. १९२५च्या सुमारास काम आटोपले तेव्हा एकूण २०७ चाळी उभ्या होत्या: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. सगळ्या एका साच्यातल्या. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्यावर २० खोल्या, चाळीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. खोलीत पाच-सहा माणसे धरली तरी एका चाळीत चारशेच्या वर माणसे झाली. पाटणच्या आमच्या वाडीत तेवढी वस्ती आजही नाही.

सिमेंट-काँक्रीट आणि लोखंड यांचे बांधकाम त्या काळी नवलाईचे होते. इंजिनियर साहेबांना त्याचा फार सोस असावा, कारण त्यांनी खिडक्यासुद्धा काँक्रीटच्या केल्या. खिडक्या कसल्या, तिरप्या पट्ट्यांच्या जाळ्याच त्या! वारा यावा आणि पाऊस येऊ नये, हा हिशेब. पण वरळीचा पाऊस समुद्रावरून आडवा येतो. तो हिशेब पाहत नाही. पट्ट्या मिटता येत नसत; त्यामुळे पावसाळ्यात पाणी आणि थंडीत वारा घरात, आणि त्यांतून बाहेर पाहावे तर आकाशही धड दिसू नये. लोकांनी गोणपाटे लावून त्या बंद केल्या. क्लॉड बॅटली यांच्यासारख्या नामांकित वास्तुशिल्पज्ञाने या बांधणीवर कडक टीका केली होती. पुढे पट्ट्या गेल्या आणि साध्या खिडक्या आल्या.

तर अशी ही घरे. गिरण्यांपासून लांब, वरळीला तेव्हा ना धड दिवे, ना बाजार, ना दवाखाना. कामगाराने चालत परळला जावे आणि रातपाळी करून अंधारातून परत यावे, तर वाटेत लुबाडला जाण्याची धास्ती. भाडे खर्चाच्या मानाने कमी ठेवले होते, तरी कामगाराच्या पगाराच्या मानाने ते जास्तच होते. म्हणून खोल्या रिकाम्या. बांधणाऱ्याने राहणाऱ्याला काहीएक विचारले नाही की असे होते.

नेमक्या त्याच दशकात, युरोपातल्या व्हिएन्ना शहरात, तिथल्या नगरपालिकेने कामगारांसाठी घरे बांधायला काढली. १९२३ ते १९३४ या काळात साठ हजारांच्या वर घरे झाली. त्यांतले 'कार्ल मार्क्स-होफ' हे सर्वांत गाजलेले. एक किलोमीटरहून लांब, १,३८२ घरांचे, १९३० साली पुरे झालेले. पैसा तिथेही कराचाच होता. पण तो बसवला होता मोठ्या घरांवर आणि चैनीवर. घरात नळ, घरात संडास, अंगणात झाडे, धुण्यासाठी सार्वजनिक जागा, बालवाडी, ग्रंथालय. मी हे प्रथम वाचले तेव्हा माझे लक्ष राजवाड्यासारख्या कमानींकडे गेलेच नाही. 'घरात संडास' या दोन शब्दांवर मी अडकले. १९२५ साली ते कोणाला सुचत नव्हते असे नाही, एवढे मला कळले. आमच्याकरिता ते कोणाला सुचले नाही.

संडासाचा विषय दिवाळी अंकात नको, असे संपादक म्हणतील. परंतु बाईमाणसाला विचारा. मजल्यावरच्या वीस बिऱ्हाडांना मिळून संडास. पहाटे रांग, हातात टमरेल, पहिल्या पाळीचे पुरुष घाईत, म्हणून बायकांनी मागे थांबायचे. रात्री जायचे तर बोळातून, आणि बोळात दोन्ही बाजूंना पुरुष निजलेले. माझी आई रात्री नऊनंतर पाणी पीत नसे. हे मला कितीतरी वर्षे ठाऊक नव्हते. ती उन्हाळ्यातही पाणी पीत नाही, एवढेच दिसे. मी वयात आले तेव्हा तिने मलाही तेच शिकवले, न सांगता. रात्री उठायची पाळी आलीच तर शेजारच्या मावशींना हाक मारून दोघींनी जायचे. त्या मावशींनी माझ्या आईकरिता आणि आईने त्यांच्याकरिता किती रात्री झोप मोडली असेल, त्याचा हिशेब कोणत्या शेजारधर्माच्या वहीत लिहायचा?

खोलीविषयी मात्र मला तक्रार करवत नाही. एकशे साठ चौरस फुटांत काय मावते याची कल्पना, ज्यांना निजायला स्वतंत्र खोली होती त्यांना यायची नाही. कोपऱ्यात मोरी, तिला लागून पाण्याचे पिंप आणि ओटा. भिंतीशी लोखंडी कॉट, तिच्याखाली धान्याचे डबे, ट्रंका, अण्णांची हत्यारे, आणि गणपतीचे मखर. वर लाकडी माळा; त्यावर गोधड्या आणि मी. होय, माझा अभ्यास माळ्यावर चाले, बसून. उभे राहिले तर डोके छताला. दहावीच्या वर्षी रात्री घरात दिवा मालवावा लागे, कारण अण्णांना पहाटे निघायचे असे. मग मी जिन्यात जाऊन बसे. जिन्याचा दिवा रात्रभर जळायचा. तिथे माझ्यासारखी आणखी तीन-चार मुले असत. कोणी येत-जात असले की आम्ही पाय आखडून घ्यायचो, पुन्हा पुस्तकात डोके. त्यांतला एक आज सरकारी इस्पितळात डॉक्टर आहे. एक गेला, कशाने गेला ते इथे नको.

बोळाची बांधणी अशी सदोष, पण त्याच बोळाने चाळ चाळ म्हणून चालवली, हेही तितकेच खरे. दार बंद ठेवले तर वारा अडे, म्हणून दारे उघडी. उघड्या दारातून कोणाकडे सुकट भाजली, कोणाकडे डाळीला फोडणी पडली, कोणाचा पगार झाला आणि कोणाचा तुंबला, हे सर्व आपोआप कळे. बोळात चटया पडत, बोळात धान्य निवडले जाई, बोळात बाळांच्या माना धरून त्यांना न्हाऊ घातले जाई. घरात नवे लग्न झाले की म्हाताऱ्यांनी न सांगता आपली वळकटी बोळात न्यायची. तो एक अलिखित कायदाच होता. भांडणे? ती तर रोजची. नळावर हंड्याला हंडा लागला की सात पिढ्यांचा उद्धार होई, आणि तीच बाई संध्याकाळी वाटीत कालवण घेऊन दारात उभी.

आमच्या मजल्यावर दोन खोल्या गावकीच्या होत्या. कोकणातल्या एका गावाच्या मंडळींनी मिळून भाड्याने ठेवलेल्या. पाळीप्रमाणे निजायचे, एक उठला की त्याच पथारीवर दुसरा. भिंतीला ओळीने ट्रंका, वर मृदंग आणि टाळ. जेवण समोरच्या काकींच्या खाणावळीत. नवरा आजारी पडल्यावर या काकींनी पंधरा माणसांची जेवणे धरली आणि त्यावर चार मुले वाढवली. गिरणगावात अशा खाणावळवाल्या बायका हजारांनी होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढले ते त्यांच्याचसाठी, सावकाराच्या तावडीतून सुटून त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. आमच्या काकी त्यात होत्या की नव्हत्या, हे आता विचारायला काकी नाहीत.

इथवर लिहिले ते वाचून चाळ म्हणजे एक मोठे कुटुंब, असे कोणाला वाटेल. तसे वाटू देणे मला बरे वाटत नाही. कोणत्या चाळीत कोण राहते, हे जिल्ह्यावरून आणि जातीवरून पुष्कळ ठरलेले असे. मैदानापलीकडच्या काही चाळींना आमची माणसे ज्या नावाने ओळखत ते इथे लिहिण्याजोगे नाही. १९७४ सालच्या ५ जानेवारीला दलित पँथरची सभा वरळीत झाली, दगडफेक झाली, आणि दंगल भडकली. ती काही दिवसांनी नायगावपर्यंत पोचली. १० जानेवारीला निघालेल्या मोर्चावर वरून दगड टाकला गेला आणि भागवत जाधव हा कार्यकर्ता मरण पावला. अण्णा तेव्हा लग्नाचे नव्हते. गावकीच्या खोलीत राहत. एरवी गोष्टीवेल्हाळ माणूस, पण त्या महिन्याविषयी ते एकच वाक्य बोलत: "गच्चीवर दगूड कुणी चढवलं ते समद्यांस्नी ठावं हुतं." याच्या पुढे कधी एक अक्षर नाही. मी वर्गात दलित कविता शिकवते. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, तुम्ही वरळीच्या ना? कोणत्या बाजूच्या?" मी चाळीचा नंबर सांगितला. तो काही बोलला नाही; मान हलवून वहीत पाहू लागला. त्या दिवशीची कविता मी नेहमीपेक्षा वाईट शिकवली.

आणि पत्त्याचे म्हणाल तर मी स्वतःही काही धुतल्या तांदळाची नाही. कॉलेजात असताना अर्जावर मी 'वरळी, मुंबई १८' एवढेच लिहीत असे. वरळी म्हटले की मैत्रिणींना 'सी फेस' आठवे; मी आठवू देत असे. एकदा एकीने घरी येते म्हटले, तेव्हा मी आईला ताप आल्याचे सांगितले. आई त्या वेळी खाली मैदानात पापड वाळत घालत होती.

१९८२ सालच्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा रांगत होते, म्हणून मला आठवते ते नंतरचे: भोंग्याची सवय गेलेली सकाळ, आणि अण्णांचे उगीच पहाटे उठून बसणे. साचेखात्यातली त्यांची नोकरी परत मिळाली नाही. आईने शिवणयंत्र घेतले; बायका वर्गणी काढून घेत तसल्या भिशीतून. गावकीच्या खोल्या एकेक करून ओस पडल्या. माणसे गावाला गेली ती परत आली नाहीत. पुढे गिरणीची जमीन विकली गेली, तिथे काचेची इमारत झाली, आणि माझे वडील त्याच आवारात रात्रपाळीचे पहारेकरी म्हणून उभे राहिले. याची गोष्ट करून सांगायला त्यांना आवडत नसे. "पगार येतूय," एवढेच म्हणत.

त्या वर्षांतही घर राहिले ते सरकारी चाळीमुळेच, हे विसरून चालणार नाही. भाडे नाममात्र होते आणि डोक्यावरचे छत कोणी काढून घेत नव्हते. खासगी मालकाच्या घरात असतो तर आम्ही १९८३ सालीच पाटणला गेलो असतो, आणि मग मी प्राध्यापिका झाले असते की नाही, देव जाणे. म्हणून सार्वजनिक घरबांधणी म्हणजे पैशाचा अपव्यय, असे कोणी विद्वान बोलू लागला की माझे डोके फिरते.

पण छतालाही वय असते. काँक्रीटच्या पोटातल्या लोखंडाला समुद्राची खारी हवा लागली की गंज चढतो. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतीचे काँक्रीट आतून फोडते. आमच्या बोळात दर पावसाळ्यात गिलाव्याचा एखादा पोपडा धप्पकन पडे. आधी आवाज होई, मग सगळ्यांची दारे उघडत, मग प्रत्येक जण आपापली माणसे मोजी. नव्या इमारतींची बोलणी माझ्या लहानपणापासून चालू होती. निवडणुका आल्या की नकाशे येत. अण्णा ते नकाशे पुरणपोळीला घडी घालावी तसे मुडपून माळ्यावर ठेवून देत. २०१६च्या मे महिन्यात ते गेले. त्यांना खाली नेताना जिन्याच्या वळणावर तिरडी उभी करावी लागली. चाळीत सर्वांचीच करावी लागे. खांदेकऱ्यांना कोणी सांगायची गरज नव्हती, ते वळण त्यांना पाठ होते.

त्याच वर्षी हे काम 'म्हाडा'कडे सोपवले गेले, आणि २०१७ सालच्या एप्रिलमध्ये भूमिपूजन झाले. वरळीत प्रत्यक्ष सुरुवात व्हायला २०२१ साल उजाडले. आईने खोली सोडली, मधली वर्षे संक्रमण गाळ्यात काढली, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, त्यांत तीही होती. चाळीस मजल्यांची इमारत. घर पाचशे चौरस फुटांचे. म्हणजे आमच्या खोलीच्या तिप्पट, आणि वर वीस फूट जास्त. हा हिशेब आईनेच केला. ती चौथीपर्यंत शिकली आहे.

मी मनातून काहीशी धास्तावले होते. म्हाताऱ्या माणसाला उंचावर, बंद दाराआड कोंडून ठेवल्यासारखे होईल. तो बोळ, ती उघडी दारे, हे सारे गेले, असे काहीतरी मी मनाशी घोळवीत होते. खरे सांगायचे तर त्यावर एक ललितलेखही निम्मा लिहून झाला होता. पहिल्याच दिवशी आई सगळ्या घरातून हिंडली, संडासाचे दार उघडले, आत गेली, कडी लावली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी घाबरून हाक मारली. आतून आवाज आला, "बसलीया नुसती. कुणी रांगंत न्हाई, कसली घाई हाय?"

तो ललितलेख मी फाडून टाकला.

तरी सगळेच सुखाचे आहे असेही नाही. घरे चिठ्ठ्या टाकून वाटली; त्यामुळे एका बोळातली वीस बिऱ्हाडे चाळीस मजल्यांवर विखुरली. आई बाराव्या मजल्यावर, आणि जिच्याबरोबर ती रात्री-अपरात्री बोळ ओलांडीत असे त्या मावशी एकतिसाव्यावर. मावशींना लिफ्टमध्ये गरगरते. त्यांचा मुलगा सकाळी जातो तो रात्री येतो; सूनही नोकरी करते. पहिल्या महिन्यात दोघींची भेट दोनदाच झाली, तीही खाली, पाण्याच्या टाकीपाशी. शिवाय काही वर्षांनी या इमारतीच्या देखभालीचा खर्च अंगावर येणार. लिफ्टचा, पंपाचा, दिव्यांचा. ज्या घरातला मिळवता माणूस सुरक्षारक्षक आहे त्याने तो कसा द्यावा? न देता आला तर घर विकून विरार-बदलापूर गाठायचे, हा रस्ता सर्वांना दिसतो आहे. माणसे त्याविषयी हळू आवाजात बोलतात. आणि ज्यांच्या चाळी अजून पाडायच्या होत्या ती बिऱ्हाडे त्या दिवशी खाली उभी राहून वर पाहत होती, तेही मी पाहिले आहे.

चाळीतल्या दिवाळीत आमच्या मजल्यावर चकलीचा सोऱ्या एकच होता. पितळी, मावशींच्या माहेरचा. तो वसुबारसेपासून बोळाने फिरत असे. कोणाचे पीठ केव्हा भिजवायचे ते सोऱ्याच्या पाळीवरून ठरे, गिरणीच्या पाळीसारखे. चकल्या मोडल्या तर दोष पिठाचा की सोऱ्याचा, यावर वीस घरांत वीस मते. आणि कंदील! बोळात लावून काय उपयोग? म्हणून प्रत्येक जण खिडकीतून बांबूची काठी बाहेर काढून तिच्या टोकाला कंदील टांगी. खाली मैदानात किल्ला करणारी आम्ही मुले रंगावरून सांगत असू: तो हिरवा आमचा, लाल काकींचा, आणि ज्या खिडकीला नाही तिथे या वर्षी कोणी गेले आहे.

२०२५ सालची दिवाळी आईने नव्या घरात केली. मी धनत्रयोदशीला सकाळीच गेले. भाजणीचे पीठ भिजवून ठेवले होते आणि ती दार उघडे टाकून दारातच बसली होती. समोरच्या घराचे दार बंद; तिथे पूर्वीच्या दुसऱ्या चाळीतले लोक, नावही नीट ठाऊक नव्हते. मी म्हटले, "अगं, बाजारात तीनशे रुपयांना नवा सोऱ्या मिळतो, मी आणते." तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. भाच्याला हाक मारली आणि म्हणाली, "जा, एकतिसाव्यावर जा, मावशीस्नी म्हनावं, झाल्या असतील तर सोऱ्या द्या."

तो लिफ्टने गेला. वीस मिनिटे झाली तरी येईना. पीठ सुकू लागले, तशी आई त्याच्यावर ओला फडका घालून पुन्हा दारात जाऊन बसली. अखेर लिफ्ट उघडली. भाच्याच्या हातात सोऱ्या होता, आणि त्याच्या मागून, भिंतीचा आधार घेत, डोळे घट्ट मिटून, मावशी बाहेर पडत होत्या.

"आला का मजला?" त्यांनी विचारले.

"आला, आला," आई म्हणाली. "डोळं उघडा आता. आन्‌ तुमच्या चकल्या मोडल्या का न्हाई, ते सांगा आधी."